सहा ध्वनिमार्गांचा ताळा

महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर मिरवणुकीतील ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत उभी राहते. छातीत धडधड व्हावी, खिडक्यांची तावदाने थरथरावीत, असा तो प्रकार. वास्तविक त्या भिंतीचा आणि या नावाचा काडीइतकाही संबंध नाही. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. येथून परतल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडन येथे आपली कंपनी स्थापन केली आणि तिचे पहिले उत्पादन होते, ध्वनिमुद्रणाच्या फितीवरील खरखर कमी करणारे यंत्र. खरखर घालविण्यापासून ज्याने प्रारंभ केला, त्याचेच नाव आपल्याकडे गोंगाटाला चिकटावे, ही दैवाची थट्टाच म्हणावी लागेल.

या नावाचा खरा संबंध आहे तो घराच्या दिवाणखान्याशी. डीव्हीडीच्या काळात अनेक घरांत सहा ध्वनिक्षेपकांचा संच आला. समोर तीन, बाजूला किंवा मागे दोन आणि जड आवाजासाठी एक सबवूफर. डीव्हीडी प्लेअरच्या मागे सहा गोल खाचा असत, त्यातून सहा वायरी ॲम्प्लिफायरला जोडल्या की काम झाले. पुढे प्लेअर बिघडला, तबकड्या अडगळीत गेल्या आणि भिंतीवर स्मार्ट टीव्ही आला. ॲम्प्लिफायर व ध्वनिक्षेपक मात्र ठणठणीत राहिले. अडचण एवढीच, की नव्या टीव्हीला सहा खाचा नाहीत. त्याच्या मागे चौकोनी झडपेचे एक ऑप्टिकल छिद्र आणि एचडीएमआयची दोन-तीन तोंडे, इतकाच सरंजाम. या दोहोंची सांगड घालणारी जी लहानशी डबी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळते, तिलाच डीकोडर म्हणतात. याच लॅमिंग्टन रोडवरील मिनर्व्हा चित्रपटगृहात १९७५ पासून ‘शोले’ पाच वर्षे चालला आणि तेथील ७० मिलिमीटरच्या पडद्यामागून येणारा बहुमार्गी ध्वनी ऐकण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढीत, हा योगायोग जुन्या प्रेक्षकांना सुखावणारा आहे.

डीकोडर आवाज निर्माण करीत नाही, सुधारीत नाही आणि वाढवीतही नाही. पूर्वी पेढीवर मोडी लिपीतील पत्र आले की ते वाचून दाखविणारा मुनीम लागे. मोडी न येणाऱ्यास त्या कागदावर केवळ रेघोट्या दिसत. डीकोडर हा असा मुनीम आहे. पत्रात जे लिहिले असेल तेच तो वाचणार. पत्रच अपुरे आले तर मुनीम बदलून काय उपयोग? परंतु बहुतेक घरांत आवाज बिघडला की पहिला बळी या डबीचाच जातो. ती बदलूनही फरक पडला नाही, तर ॲम्प्लिफायर आणि मग सारा संचच बदलण्याची भाषा सुरू होते. यातील बराचसा खर्च टाळता येण्याजोगा असतो.

या लिपीची गरज का पडली, हे आकड्यांतून चटकन कळते. ध्वनीचे एका सेकंदात ४८,००० नमुने घ्यावयाचे आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहावयाचा, असे धरले तर दोन ध्वनिमार्गांसाठी सेकंदाला १५ लाख ३६ हजार बिट लागतात, आणि सहा मार्गांसाठी ४६ लाख ८ हजार. ऑप्टिकल जोडणीची रचना मुळात दोन मार्गांच्या साध्या ध्वनीसाठी झालेली असल्यामुळे सहा मार्ग उघड्या स्वरूपात तीतून जाऊ शकत नाहीत. म्हणून ते संक्षिप्त लिपीत बांधून पाठवितात. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल ध्वनी जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार बिटांत बसवितात, म्हणजे मूळ मालाच्या साधारण दहाव्या हिश्शात. हीच लिपी १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर प्रथम पडद्यावर आली. तेव्हा ती फिल्मच्या कडेच्या दोन छिद्रांमधील इवल्याशा जागेत छापली जात असे. पुढच्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस ही प्रतिस्पर्धी लिपी आली. या दोन लिप्या वाचणारा डीकोडर घरगुती वापरास पुष्कळ झाला.

दोष शोधताना हिशेबनीसाची पद्धत धरावी. पासबुक आणि रोकडवही यांचा मेळ बसत नसेल, तर जाणता माणूस वही फाडून नवी आणीत नाही. तो एकेक नोंद ताडून पाहतो आणि फरक कोठे पडला ते शोधतो. ध्वनीची वाटही अशीच एका दिशेने चालते. आधी कार्यक्रम, मग सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्ही, मग केबल, मग डीकोडर, मग ॲम्प्लिफायर आणि शेवटी ध्वनिक्षेपक. तपासणी याच क्रमाने करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन वायरी आणि तीन सेटिंग एकदम बदलली तर आवाज आला तरी तो कशामुळे आला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारच.

सर्वाधिक दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये सापडतात. ध्वनीच्या विभागात ‘डिजिटल साउंड आउट’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो ‘पीसीएम’वर असेल, तर टीव्ही स्वतःच पत्र वाचून त्याचा दोन मार्गांत गोषवारा करून पाठवितो. डीकोडर बिचारा तो गोषवारा पुढे सरकवितो, मागचे ध्वनिक्षेपक मुके राहतात आणि बोल डबीला लागतो. हा पर्याय ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ यावर न्यावा. येथे ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ हा मोह टाळलेला बरा. कारण इंटरनेटवरून चित्रपट दाखविणाऱ्या सेवा बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस ही सुधारित लिपी वापरतात, ती ऑप्टिकल जोडणीतून जात नाही आणि स्वस्त डीकोडरला वाचताही येत नाही. टीव्हीलाच तिचे साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करावयास सांगणे, हा सरळ मार्ग. सेट-टॉप बॉक्समध्येही असाच पर्याय असतो आणि तो तपासण्याचे बहुतेक जण विसरतात.

पेन ड्राइव्हवरील चित्रपट लावला, चित्र दिसते आणि आवाज अजिबात नाही, ही तक्रारही नेहमीची. अशा वेळी त्या फाइलमधील ध्वनी डीटीएसचा आहे का ते पाहावे. अनेक नव्या टीव्हींना डीटीएस कळत नाही आणि ते त्याला पुढेही जाऊ देत नाहीत. त्या फाइलमध्ये दुसरा ध्वनी उपलब्ध असेल तर तो निवडावा. डीकोडरला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यापर्यंत पत्र पोहोचलेलेच नसते. याच्या उलट, कधी आवाजाऐवजी कर्कश फसफस ऐकू येते. याचा अर्थ संक्षिप्त लिपीतील पत्र मोडी न जाणणाऱ्याच्या हाती पडले आहे आणि तो रेघोट्याच मोठ्याने वाचतो आहे. दोन मार्गांचे साधे डिजिटल-ॲनालॉग रूपांतर करणारी डबी डीकोडर म्हणून गळ्यात मारली गेली, की हा अनुभव हमखास येतो. दिसावयास दोन्ही डब्या सारख्याच. खरेदी करताना मागील बाजूस सहा खाचा आहेत की दोनच, एवढे मोजून घ्यावे.

ऑप्टिकल केबल जोडण्यापूर्वी तिच्या दोन्ही टोकांवरील प्लॅस्टिकची पारदर्शक टोपी काढावी लागते. हे सांगणे हास्यास्पद वाटेल, परंतु ती टोपी तशीच ठेवून केबल ढकलणारे थोडे नाहीत. टीव्ही चालू असताना केबलच्या मोकळ्या टोकाशी लाल प्रकाश दिसला पाहिजे. दिसत नसेल तर दोष टीव्हीत किंवा केबलमध्ये आहे. एचडीएमआयने जोडावयाचे असल्यास टीव्हीच्या ज्या तोंडावर ‘एआरसी’ असे छापलेले असते, तेवढेच ध्वनी परत पाठविते. शेजारच्या तोंडात केबल घातली तर आयुष्यभर वाट पाहिली तरी आवाज येणार नाही.

डीकोडर ते ॲम्प्लिफायर या सहा वायरींकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. पांढऱ्या-तांबड्या वायरींच्या तीन जोड्या, मागे अंधार, छपाई बारीक. कोल्हापूरकडील एका घाऊक व्यापारी कुटुंबात घडलेला प्रकार या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. नवा टीव्ही आणि डीकोडर बसविल्यापासून घरातील आजोबा म्हणू लागले, की बातम्या नीट ऐकू येतात, पण सिनेमातील माणसे रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. मुले आणि नातवंडे यांना काहीच खटकत नव्हते. आजोबांचे वय ७८, तेव्हा दोष कानांचाच, असे सर्वानुमते ठरले. कानांची तपासणी झाली, श्रवणयंत्राचे दर विचारून झाले. आजोबांनी मग सिनेमाच्या वेळी दिवाणखान्यात बसणेच सोडले. जेवण आटोपले की ते आपल्या खोलीत जात.

त्यांच्या तक्रारीतच निदान होते. बातम्यांचा ध्वनी दोन मार्गांचा, तो समोरच्या डाव्या-उजव्या ध्वनिक्षेपकांतून नीट येत होता. चित्रपटाच्या सहामार्गी ध्वनीत संवाद प्रामुख्याने मधल्या मार्गावर असतात. त्या घरी मधल्या ध्वनिक्षेपकाची आणि सबवूफरची वायर परस्परांच्या जागी बसली होती. संवाद सबवूफरमध्ये जाऊन घुमत होते, आणि १२० हर्ट्झच्या आतील जड गडगडाट मधल्या छोट्या ध्वनिक्षेपकाच्या वाट्याला आला होता. तरुण मंडळींना हे कळले नाही, कारण ती पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचीत होती. सुटीला आलेल्या भाच्याने चाचणी-ध्वनी लावून एकेक ध्वनिक्षेपक ऐकला आणि दोन वायरींची अदलाबदल केली. खर्च शून्य. वयस्कर माणसाने ‘अमुक ऐकू येते, तमुक येत नाही’ असा नेमका भेद केला, तर आधी यंत्र तपासावे आणि मग कान. कानांचा दोष कार्यक्रम पाहून येत नसतो.

जोडणी बिनचूक असूनही संवाद दबलेले वाटत असतील, तर मधला ध्वनिक्षेपक कोठे ठेवला आहे ते पाहावे. पुष्कळ घरांत तो शोकेसच्या काचेआड, फोटो आणि शोभेच्या वस्तू यांच्या मागे असतो. तो फळीच्या पुढच्या काठाशी आणावा, तोंड बसणाऱ्याच्या कानांकडे किंचित वर करावे आणि त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. रात्रीच्या वेळी ‘नाइट मोड’ किंवा ‘डीआरसी’ हा पर्याय सुरू केल्यास मोठे आवाज दबतात आणि हळू बोललेले वर येते. शेजाऱ्यांच्या झोपेच्या दृष्टीनेही ते उपकारक.

मांडणीचे शास्त्र विस्तृत आहे, पण चाळीतून फ्लॅटमध्ये आलेल्या आपल्या दिवाणखान्यांना त्यातील थोडेच पाळता येते. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार समोरचे डावे-उजवे ध्वनिक्षेपक मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि भोवतालचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे असावेत. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असल्यास भोवतालचे ध्वनिक्षेपक मागे न टांगता दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर लावावेत. ध्वनीला एक मीटर अंतर कापण्यास सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. समोरचा ध्वनिक्षेपक तीन मीटरवर आणि बाजूचा दीड मीटरवर असेल, तर बाजूचा आवाज सुमारे साडेचार मिलिसेकंद थोपवावा लागतो. ज्या डीकोडरमध्ये अंतर किंवा विलंब भरण्याची सोय असते, त्यात हा आकडा टेपने मोजून भरावा, अंदाजाने नव्हे. एखाद्या ध्वनिक्षेपकाची तांबडी-काळी वायर उलट लागली असेल, तर जड आवाज पातळ होतो आणि गायकाचा आवाज नेमका कोठून येतो ते कळेनासे होते, तेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

राहता राहिली ती सततची ‘हूं’ अशी घरघर. ती बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची असते आणि केबल टीव्हीची वायर, टीव्ही व ॲम्प्लिफायर यांना वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंग मिळाल्यामुळे उद्भवते. आवाज बंद न करता केबलवाल्याची वायर क्षणभर काढून पाहावी. घरघर थांबली तर कारण सापडले. सर्व उपकरणे एकाच प्लगबोर्डवर घ्यावीत, आणि टीव्ही ते डीकोडर ही जोडणी तांब्याच्या वायरीऐवजी ऑप्टिकल केबलने करावी, कारण तीतून प्रकाश जातो, वीज नव्हे. एवढ्यावरही न थांबल्यास केबलच्या वायरीवर बसविण्याचा आयसोलेटर मिळतो. काही कारागीर मात्र ॲम्प्लिफायरच्या प्लगची जाड तिसरी पिन कापून घरघर बंद करून दाखवितात. ती खरोखर बंद होते. पण तीच पिन आतील वीज लोखंडी पेटीत उतरली तर माणसाला वाचविणारी असते, आणि त्या पेटीला रोज घरातील लहान मुलांचे हात लागतात. अशा कारागिराला त्या क्षणी थांबवावे, आणि पिन आधीच कापलेली असेल तर संच बंद ठेवून प्लग बदलून घ्यावा.