बोलींची नावे आणि नोंदींची शिस्त

बोलीविषयक प्रकल्पासाठी आपण शब्द किंवा ओव्या गोळा करता, तेव्हा प्रत्येक नोंदीपुढे बोलीचे नाव लिहिता. त्या रकान्यात एकाने ‘अहिराणी’ लिहिले, दुसऱ्याने ‘खानदेशी’ आणि तिसऱ्याने ‘खान्देशी’, तर वाचणारा समजून घेईल. संगणकाला मात्र त्या तीन बोली वाटतील. म्हणून आधी ठरवलेल्या नावांतूनच निवड करण्याची पद्धत आहे. या ठरीव नावांच्या यादीला नियंत्रित शब्दावली म्हणतात.

अशी यादी करणे सोपे आहे. ती वर्षानुवर्षे सांभाळणे अवघड आहे. कारण नाव देताना आपण वर्गीकरणही करत असतो. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला (१९०५), पण खानदेशीचा समावेश नवव्या खंडात, भिल्ली बोलींबरोबर केला (१९०७). पुढे आयएसओ ६३९-३ या आंतरराष्ट्रीय मानकात अहिराणी आणि खानदेशी यांना दोन स्वतंत्र संकेत मिळाले. बोलणारे मात्र पुष्कळदा ही दोन्ही नावे एकाच बोलीसाठी वापरतात. परिणामी, एका संकेताखाली शोधणाऱ्याला दुसऱ्या संकेताखालचे ध्वनिमुद्रण सापडतच नाही. एखाद्या आजीबाईंनी आपल्यासाठी आठवून आठवून म्हटलेली ओवी संग्रहात असूनही नसल्यासारखी होते.

यावर उपाय असा, की नोंदीत नाव न लिहिता क्रमांक लिहावा. प्रत्येक बोलीला एक क्रमांक द्यावा आणि तो कधीही बदलू नये. क्रमांकासमोर एक मान्य नाव, पर्यायी नावे आणि दोन ओळींची व्याख्या असावी. उद्या मान्य नाव बदलले, तर दुरुस्ती एकाच जागी करावी लागते. जुने नाव पुसू नये. ते पर्यायी नावांत ठेवून बदलाची तारीख लिहावी. ‘स्कॉस’ या २००९ पासूनच्या मानकात संकल्पनेला कायमची ओळख, एक मान्य नाव आणि अनेक पर्यायी नावे अशीच मांडणी आहे. आपल्या प्रकल्पाला एक्सेलचे एक स्वतंत्र पान पुरेसे आहे.

काही अभ्यासकांना प्रत्येक तालुक्याच्या बोलीभेदाला स्वतंत्र नाव हवे असते. मला हा आग्रह पटत नाही. लांबलचक यादीतून दोन विद्यार्थी एकच नाव निवडतील याची खात्री नसते, आणि गावाचे नाव वेगळ्या रकान्यात असतेच. मात्र बोलणाऱ्याने स्वतःच्या बोलीला जे नाव दिले, ते शेजारच्या रकान्यात जसेच्या तसे उतरवावे. ‘आमची लेवा बोली’ असे कोणी म्हटले, तर ते दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

यादीत ‘इतर’ हा पर्याय अवश्य ठेवावा आणि दर महिन्याला तो उघडून पाहावा. तेथे एकच नाव वारंवार दिसू लागले, की त्याला स्वतंत्र क्रमांक देण्याची वेळ आली असे समजावे.