शब्दांची कुळकथा : मोझेक

कृष्णा-तारळीच्या संगमावरील उंब्रजहून एक भगिनी विचारतात : “आमच्या माजघरातील फरशीस मोझेक म्हणतात, शेतकीच्या पत्रिकेत भेंडीच्या रोगासही मोझेक म्हटले आहे, आणि यजमानांच्या एका इंग्रजी ग्रंथात ‘मोझेक लॉ’ आढळतो. हे तिन्ही शब्द एकच काय?”

तिन्ही एक नव्हेत. कायद्याचा मोझेक हा यहुदी लोकांस नियमशास्त्र देणाऱ्या मोशेच्या नावापासून झाला आहे. फरशीचा मोझेक ग्रीकांच्या म्यूझ नामक नऊ कलादेवतांच्या कुळातला. म्यूझियम व म्यूझिक हे त्याचे भाऊबंद होत. या देवतांना वाहिलेल्या कृत्रिम गुहा रोमन लोक खड्यांच्या नक्षीने सजवीत, त्यावरून त्या कामास हे नाव पडले असे मानतात. इंग्रजीत दोन्ही शब्दांची अक्षरे तीच. परंतु नाते मुळीच नाही. आपल्या संस्कृतातही खडे बसवून केलेल्या भूमीस ‘कुट्टिम’ असा नेमका शब्द आहे. त्याचे मूळ कुटणे या अर्थाच्या धातूत आहे.

रोगाचा मोझेक मात्र फरशीचाच वंशज. हॉलंडमध्ये संशोधन करणाऱ्या अडॉल्फ मायर यांनी तंबाखूच्या पानांवर फिकट व गर्द हिरव्या रंगांची नक्षी पाहिली आणि १८८६ साली त्या रोगास हे नाव दिले. त्याच रोगाचा विषाणू वेंडेल स्टॅन्ले यांनी १९३५ साली स्फटिकरूपाने वेगळा काढला.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की आपले शेतकरी ‘केवडा आला’ म्हणतात. पत्रिकेतील मोझेक तो हाच. शब्द सुंदर आहे, पण येथे सावध राहिले पाहिजे. बाजरीच्या एका रोगासही केवडाच म्हणतात. भेंडीचा केवडा विषाणूचा असून पांढरी माशी तो पसरविते. त्यावर रोगट झाडे वेळीच उपटून नष्ट करणे व माशीस आवर घालणे हाच मार्ग. बाजरीचा केवडा बुरशीसारख्या सूक्ष्म जीवाचा. त्यासाठी पेरणीपूर्वी बियाण्यास बुरशीनाशक चोळतात. एकाचा उपाय दुसऱ्यास चालत नाही.

शब्दांचे रूप एक म्हणून कूळ एक ठरत नाही, हे मोशे आणि म्यूझ यांच्या बाबतीत न जाणल्यास फार तर अर्थ चुकेल. केवड्याच्या बाबतीत न जाणल्यास हंगाम बुडेल. म्हणून नाव ऐकताच औषध आणू नये. आधी मूळ विचारावे.