दाखला कोणाचा, बांध कोणाचा?



आमच्या गावच्या खाजनाचा बांध तीन वर्षांपूर्वी मानशीच्या दक्षिणेला फुटला होता. सरकारने कंत्राट देऊन तो बांधून घेतला. यंदा आषाढाच्या भरतीला तो त्याच जागी पुन्हा फुटला, आणि लावणी झालेल्या शेतात खारे पाणी शिरले. मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे तरी लागतील, हे तुम्हांला मी मास्तराने सांगायला नको. आता दुरुस्तीची नवी निविदा निघाली आहे. ज्याने तो बांध बांधला, त्याला या वेळी दारातूनच परत पाठवतील अशी तुमची समजूत असेल, तर ती सोडा. त्याच्या कागदपत्रांत एका 'यशस्वीरीत्या पूर्ण केलेल्या' कामाची भर पडली आहे, आणि ते काम म्हणजे हाच फुटलेला बांध!

हे कसे घडते ते नीट समजून घ्या, कारण कंत्राटदाराला हे पाठ असते आणि आपल्याला ठाऊक नसते.

केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये एक परिपत्रक काढून पात्रतेच्या अटींचा नमुना घालून दिला. मागील सात वर्षांत त्याच जातीची तीन कामे, प्रत्येकी अंदाजित खर्चाच्या ४० टक्के रकमेची. किंवा दोन कामे ५० टक्क्यांची. किंवा एकच काम ८० टक्क्यांचे. शिवाय तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या निदान ३० टक्के. थोड्याफार फरकाने हाच साचा देशभरच्या निविदांत दिसतो. एक कोटीचा बांध घालायचा, तर आधी ८० लाखांचे एक काम केल्याचा कागद दाखवा. हेतू वाईट नव्हता. कोणीही उपटसुंभ येऊन सरकारी पैसा बुडवू नये, एवढाच तो होता.

पण या अटी काय मोजतात? रक्कम मोजतात. बांध टिकला की नाही, ते त्या आकड्यांत कुठे आहे?

'यशस्वीरीत्या' हा शब्द आहे खरा. पण यश ठरवतो कोण? कार्यकारी अभियंता. तो सही करतो काम पूर्ण झाल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात, बांध कोरडा ठणठणीत असताना. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, उंची भरली, बिल निघाले, की यश मिळाले! बांधाची परीक्षा घेणारी भरती त्यानंतर येते, आणि तिचा शेरा कोणत्याही फायलीत लागत नाही.

केंद्रीय लोकबांधकाम खात्याचा कामगिरीच्या अहवालाचा नमुना मी पाहिला आहे. कामाचा दर्जा, आर्थिक बळ, तांत्रिक प्रावीण्य, साधनसामग्री असे रकाने आहेत, आणि शेवटी 'सर्वसाधारण वागणूक'. तो रकाना पाहून मला हसू आले आणि लाजही वाटली. तीस वर्षे मी शाळा सोडल्याचे दाखले लिहितो आहे. 'प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली' याखेरीज एकही शेरा मी कधी लिहिलेला नाही. मागच्या बाकावर बसून वर्ग उधळून लावणाऱ्या पोरालाही तोच शेरा. का? पोराचे नुकसान नको, पालकांशी भांडण नको, आणि खरे सांगायचे तर तो एकदाचा जातो आहे ना, मग जाऊ दे! अभियंता माझ्याहून वेगळा माणूस नाही. काम निकृष्ट होते असे लिहिले, तर पहिला प्रश्न त्यालाच येईल, 'मग तुम्ही बिल कसे मंजूर केलेत?' स्वतःविरुद्ध साक्ष देणारा कागद कोण लिहील? माझ्या दाखल्याने फार तर दुसऱ्या शाळेचा एक वर्ग बिघडतो. त्याच्या दाखल्याने मात्र सबंध खाजन बुडते.

आणखी एक खोच पाहा. पात्रतेसाठी तीन कामे दाखवायची असतात, आणि ती निवडतो कंत्राटदार. दहा कामांपैकी सात वाहून गेली असली, तरी उरलेल्या तिघांचे दाखले तो जोडणार. परीक्षेत दहा प्रश्न घालून, पोराला आवडतील ते तीनच तपासायचे, असा हा न्याय!

आणि 'त्याच जातीचे काम' म्हणजे कोणते? त्या परिपत्रकातच ते स्पष्ट लिहावे असे म्हटले आहे. आमच्या निविदेत नुसते 'मातीकाम' आहे. डोंगर कापून रस्ता करणे हेही मातीकामच. म्हणून रस्तेवाला येतो आणि टिपरने तांबडी माती आणून चिकण बांधावर ओततो. ती माती चिखलाशी जुळत नाही, फटीतून पाणी झिरपू लागते, पुढचे काम खेकडे करतात. खाडीचा चिखल, पेंढा आणि जांभा दगड घेऊन ओहोटीच्या वेळा साधत बांध घालणारे म्हातारे हात अजून आपल्या गावांत आहेत. त्यांच्यापाशी ८० लाखांचा कागद नाही, म्हणून ते अननुभवी!

जेटीचीही तीच कथा. धक्का नकाशाबरहुकूम उभा राहिला, दाखला मिळाला. ओहोटीला होडी गाळात रुतते, हे रापणकाराला विचारायला कोण गेले?

कोणी म्हणेल, मग निविदाच नकोत, चांगला माणूस पाहून काम द्यावे. तेही आपण पाहिले. पणजीच्या कला अकादमीचे नूतनीकरण निविदेवाचून दिले गेले, आणि ताजमहालासाठी शहाजहानने कुठे कोटेशने मागवली होती, असा दाखला तेव्हाच्या मंत्र्यांनी विधानसभेत दिला. जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले. दोष कोणाचा यावर पुष्कळ वाद झाला, त्यात मी पडत नाही. पण बादशहाला विचारणारा कोणी नव्हता. या सरकारला विचारणारे आपण आहोत.

न्यायालय आहेच, असेही सांगतात. १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कंत्राटाचा निर्णय कोणत्या रीतीने झाला तेवढे न्यायालय पाहील, निर्णयाच्या गुणदोषांवर अपील म्हणून बसणार नाही. शिवाय अशा दाव्यांत दिसतो तो बहुधा हरलेला कंत्राटदार. ज्याचे भात कुजले त्याला तिथे कोण विचारतो?

आपली मागणी साधी असावी. बांधाचा अनुभव म्हणजे भरतीच्या पाण्यातल्या बांधाचाच अनुभव. दाखला दोन पावसाळ्यांनंतर, आणि त्यावर अभियंत्याबरोबर खाजनाच्या शेतकरी संघटनेची सही. जेटी असेल तर मच्छीमार सोसायटीची. फुटलेल्या कामांची यादी जोडणे सक्तीचे. वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ पासून काही कामांत दर्जाला जास्तीत जास्त ३० टक्के गुण देण्याची मुभा दिली आहे. ते गुण देताना आपले मत का घेऊ नये?

तोवर हातात आहे ते वापरू. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये नुसते कागदच नव्हे, तर चालू कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. गेल्या कामाचा कामगिरी अहवाल, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि बांधावरच्या मातीचा नमुना मागणारा अर्ज मी लिहून ठेवला आहे. रविवारी मानशीची पावणी आटोपली की देवळाच्या अग्रशाळेत या. ज्यांना सही येत नाही त्यांना ती शिकवायला अर्धा तास पुरेल. पाटी-पेन्सिल मी आणतो.