घरचा हिशेब : लेकीला गुरांची डॉक्टर व्हायचे आहे

२००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा पशुवैद्यकाचे मोल आपल्या जिल्ह्याला कळले. आता लेक तेच शिकायचे म्हणत असेल, तर अब्बा-अम्मींनी फीआधी महिने मोजावेत. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. इंटर्नशिप धरून शिक्षण साडेपाच वर्षांचे, म्हणजे ६६ महिने. जुनी शासकीय महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला. घर सोडावेच लागते. राहण्या-जेवणाचे महिना ६,००० धरले, तरी ३,९६,००० रुपये होतात. इंटर्नशिपचे विद्यावेतन मिळते, पण शेवटी.

आठवीपासून दरमहा ३,००० बाजूला काढले, तर बारावीपर्यंत १,८०,००० जमतात. जवळजवळ निम्मा भार उतरतो. बकरी ईदला बोकड विकला, तर ते पैसेही यातच टाका. लेकीच्या लग्नासाठी आपण न सांगता बचत करतो, मग शिक्षणासाठी का नको?

उरलेल्या रकमेसाठी आधी शिष्यवृत्ती पाहा, मग नातलगांकडून कर्ज-ए-हसना घ्या, तेही लिहून. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. व्याज आणि अटी नीट वाचा. उत्पन्नाचा दाखला मात्र निकालाआधीच काढून ठेवा.