शिल्ड फळीवर, सॉफ्टवेअर वाऱ्यावर

मागच्या शनिवारी पाटणला गेलो होतो. नेहमीसारखं पुण्याहून कऱ्हाड, आणि तिथून दुसरी एसटी. आमच्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर माझं एक शिल्ड आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका स्पर्धेत 'उत्कृष्ट ओपन सोर्स प्रकल्प' म्हणून मिळालेलं. आई दर दिवाळीला ते पुसते आणि पाहुणा आला की हटकून त्याच्यासमोर बसवते. मला आता त्याची थोडी लाज वाटते. का, ते सांगतो.

प्रकल्प अगदी साधा होता. युनिकोड यायच्या आधीच्या मराठी फाँटांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. त्यामुळे फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फाँट नसला, की नुसता कचरा दिसतो. सहा महिने खपून मी कन्व्हर्टर लिहिला, कोड सगळ्यांसाठी खुला केला, दहा मिनिटांचा डेमो दिला, टाळ्या, शाल, श्रीफळ, शिल्ड. मग नोकरी लागली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी त्या कोडला हात लावलेला नाही.

तर रविवारी सकाळी बाजारात तात्या भेटले. तहसील कचेरीजवळ त्यांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबारा, प्रतिज्ञापत्र, शिवाय कोयना प्रकल्पग्रस्तांचे अर्ज. धरण होऊन साठाच्या वर वर्षं झाली, अर्ज अजून चालूच आहेत. त्यातले जुने अर्ज जुन्या फाँटात, आणि आता तेच पुन्हा ऑनलाइन भरायचे म्हणजे युनिकोडमध्ये हवेत.

"आरं, तुला बक्षीस मिळालेलं सॉफ्टवेअर हेच न्हवं का? शेतकऱ्याचं पार वाटोळं करतंय बघ ते!"

बघतो तर काय, प्रत्येक 'शेतकऱ्याचा' चा 'शेतकर्याचा' झालेला. 'दऱ्या' चा 'दर्या'. म्हणजे आमच्या कोयनेकाठच्या दऱ्यांचा एका क्लिकमध्ये समुद्र! एका जुन्या फाँटात हा आडवा अर्धा र वेगळ्याच जागी ठेवलेला होता, तो मी कधी तपासलाच नव्हता. तात्या प्रत्येक अर्ज हाताने दुरुस्त करत होते. किती दिवस? "झालं की वरीसभर." मला कळवलं का नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "इंग्रजीत लिहायचं असतंय म्हणं."

डोक्याला शॉट लागला. म्हणून हा लेख.

आपल्याकडे ओपन सोर्सला पुरस्कार मिळत नाहीत असं नाही. २००८ साली फॉस इंडिया पुरस्कार दिले गेले. त्यांत 'ध्वनि' होता, भारतीय भाषांतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. मुळात तो आय.आय.एस्सी.मधल्या रमेश हरिहरन यांनी सिंप्युटरसाठी सुरू केलेला (सिंप्युटर आठवतो का कुणाला?), पुढे केरळच्या संतोष थोट्टिंगल यांनी वाढवलेला. मराठीही वाचायचा. काही वर्षांनी त्याच्या नव्या आवृत्त्या येणं थांबलं. यात थोट्टिंगलांना दोष देण्यासारखं काही नाही. हा माणूस आजही भाषांसाठी राबतोय, 'मंजरी' हा मल्याळम फाँट त्यांचाच. प्रश्न एवढाच की पुरस्कार देणाऱ्यांनी "पुढच्या पाच वर्षांत हा कोण सांभाळणार?" असं कधी विचारलं असेल का? मला विचारलं नव्हतं, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

आज एखाद्या अंध माणसाने एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर वापरला, तर मराठी वाचायला त्यात ईस्पीक एनजी असतं. तेही मूळचं एकाच माणसाचं काम, जोनाथन डडिंग्टन यांचं. मूळ काम थंडावल्यावर २०१५ च्या शेवटी दुसऱ्या लोकांनी 'एनजी' जोडून ते पुढे चालवायला घेतलं. आवाज रोबोटसारखा आहे, मान्य. पण चालू आहे.

अजून एक गंमत. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, किंवा कॉम्प्युटरवर क्रोम नाहीतर फायरफॉक्समध्ये, तर वरचा 'दऱ्या' नीट दिसण्यामागे हार्फबझ नावाची लायब्ररी आहे. जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी योग्य बाजूला नेणं, ही सगळी हमाली ती करते. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. बेहदाद इस्फहबोद या मूळच्या इराणी माणसाला त्यासाठी २०१३ मध्ये ओरायली ओपन सोर्स पुरस्कार मिळाला. तेव्हा ते काम चालू होऊन बरीच वर्षं झाली होती. तसंच डॅनियल स्टेनबर्गचं. त्याने कर्ल १९९८ मध्ये काढलं आणि स्वीडनचं पोल्हेम पारितोषिक त्याला २०१७ मध्ये, राजाच्या हस्ते मिळालं. म्हणजे एकोणीस वर्षं बग मिटवल्यावर. आणि आपल्याकडे? हॅकेथॉन शनिवारी सुरू, रविवारी बक्षीस, सोमवारी शेवटचा कमिट.

माझ्या गावाकडच्या भाषेत सांगायचं तर आपण पाटाचं उद्घाटन करणाऱ्याचा सत्कार करतो. पाटकऱ्याचा कधी केलेला पाहिलाय? रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन बांधावरून फिरणारा, कुणाची पाळी आहे आणि पाणी कुठे फुटलंय ते बघणारा माणूस. तो दिसतो फक्त पाणी आलं नाही तेव्हा, आणि तेही शिव्या घालायला.

आणि पाटकरी थकला की काय होतं, ते २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्या जगाने पाहिलं. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं छोटंसं सॉफ्टवेअर बहुतेक लिनक्सवर असतं. लासे कॉलिन हा एकटा माणूस ते फावल्या वेळात सांभाळायचा. तो दमला होता, तसं त्याने २०२२ मध्ये लिहिलंही होतं. मदतीला म्हणून आलेल्या एका 'स्वयंसेवका'ने दोनेक वर्षं विश्वास कमावून त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून शंका आली, आणि थोडक्यात निभावलं. अर्धा सेकंद! आपण तर तेवढ्यात नेटला दोष देऊन चहाला गेलो असतो.

भारतात काही चांगलंही होतंय. पायथॉनवाल्यांनी २०१२ मध्ये गेलेल्या केनेथ गोन्साल्विस यांच्या नावाने पुरस्कार ठेवला, तो समाजासाठी केलेल्या कामाला. झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड काढला. वर्षाला दहा लाख डॉलर, जगभरातल्या ओपन सोर्स प्रकल्पांना, एकेकाला दहा हजारांपासून एक लाखापर्यंत. नवीन कल्पना दाखवा अशी अटच नाही, आहे तेच चालवायला पैसे. एवढं साधं आहे हे. माझ्या आधीच्या एका कंपनीत शेकडो ओपन सोर्स पॅकेजेस वापरायचो, पण आम्हीच दुरुस्त केलेला बग परत पाठवायची परवानगी मिळायला चार महिने लागले होते. असो.

तुम्ही म्हणाल, मग शिल्ड परत कर ना! नाही करणार. कारण त्याचाही एक उपयोग झालाय. गिटहब म्हणजे काय ते आमच्या घरी कुणालाच ठाऊक नाही. रात्री दोनपर्यंत मी 'फुकटचं' काय करतो, हे बाबांना कळलं ते पेपरात फोटो आल्यावर. त्यानंतर "झोप आता" बंद झालं. मुंबई-पुण्याच्या बाहेरच्या पोरापोरींना ही मोकळीक अशी एखाद्या पुरस्कारानेच मिळते. त्यामुळे पुरस्कार बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही.

फक्त देण्याची पद्धत बदला. पाच वर्षांपेक्षा नवा प्रकल्प घेऊच नका. डेमो बघू नका, बगची यादी बघा. किती जुने बग मिटवले, ज्याला इंग्रजी येत नाही त्याची तक्रार ऐकायची काही सोय आहे का, आणि मेंटेनर उद्या आजारी पडला तर चाव्या अजून कुणाकडे आहेत. रक्कम एकदम देऊ नका, महिन्याला द्या, पगारासारखी. काम थांबलं की ती थांबवा. मला तेव्हा एक लाखाऐवजी महिन्याला पाच हजार मिळाले असते, तर निदान लाजेखातर तरी मी दर महिन्याला कोड उघडला असता.

रविवारी दुपारी तात्यांच्या दुकानात बसून तो आडवा र दुरुस्त केला. म्हणजे तीन फाँटांपैकी दोनांत झालाय, तिसऱ्यात अजून 'वाऱ्यावर' चा 'वार्यावर' होतोच. तात्यांना सांगितलंय, चुकीचा शब्द दिसला की फोटो काढून मराठीतच व्हॉट्सअॅपवर टाका, इंग्रजीचं मी बघतो. आत्तापर्यंत एकवीस फोटो आलेत. कुणाला जावास्क्रिप्ट येत असेल आणि रविवार मोकळा असेल तर जरूर कळवा. चाव्यांची दुसरी जोडी कुणाकडे तरी द्यायची आहे.