पोरगा फुसका निघाला, की आपली हेडलाइन?

परवा संध्याकाळी स्टेशन रोडला चहा पीत उभा होतो. बाजूला तीन-चार पोरं एका मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. बर्फावरच्या स्केटिंगचा व्हिडिओ चालू होता. एक खेळाडू हवेत गिरक्या घेत वर जातो आणि धपकन बर्फावर आपटतो. एक जण म्हणाला, "हा तं ऑलिम्पिकचा हिरो होता म्हणे. फुसका निंघना ना भो!" सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. आपल्याकडे बर्फ पाहायचा तो उन्हाळ्यात गोळ्याच्या गाडीवर. त्यावर कुणी पडलं तर आपलं काय जातंय?

घरी आल्यावर त्या खेळाडूची माहिती काढली. अमेरिकेचा नेथन चेन. २०१८ च्या दक्षिण कोरियातल्या हिवाळी ऑलिम्पिकला गेला तेव्हा वय १८. अमेरिकेतल्या जाहिरातींत, टीव्हीवर सगळीकडे तोच. सुवर्णपदक जणू घरी येऊनच पडलंय. पहिल्या फेरीत गडी पडला, अडखळला आणि थेट १७ व्या क्रमांकावर गेला. आपल्या चहाच्या टपरीवरचा व्हिडिओ इथं संपतो.

पण गोष्ट इथं संपत नाही. दुसऱ्याच दिवशी हाच पोरगा पुन्हा बर्फावर उतरला, हवेत चार-चार गिरक्यांच्या सहा उड्या मारल्या आणि त्या फेरीत सगळ्यांत जास्त गुण घेतले. एकूण पाचवा आला. चार वर्षांनी, २०२२ ला बीजिंगमध्ये, त्यानं सुवर्ण घेतलं. फोनवर मात्र अजून पडल्याचाच व्हिडिओ फिरतोय. त्याच अमेरिकेची मिशेल क्वान पाच वेळा जगज्जेती. ऑलिम्पिकमध्ये १९९८ ला रौप्य, २००२ ला कांस्य. तिच्याबद्दल लोक काय म्हणतात? "सुवर्ण नाही मिळालं ना!"

हे सगळं वाचताना मला आपलेच लोक आठवायला लागले.

विनोद कांबळी. १९८८, आझाद मैदान, सचिनबरोबर ६६४ धावांची भागीदारी. त्यात सचिनच्या नाबाद ३२६, आणि विनोदच्या नाबाद ३४९. पुढे कसोटीत लागोपाठ दोन द्विशतकं. १७ कसोट्यांत सरासरी ५४ च्या वर. २३ व्या वर्षी शेवटची कसोटी खेळून झाली. आज ५४ ची सरासरी असलेल्या फलंदाजाचं नाव निघालं की लोक सुस्कारा सोडतात, कारण मोजपट्टी सचिनची लावलेली.

पृथ्वी शॉ. २०१३ ला हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा, वय १४. २०१८ ला त्याच्या कप्तानीत १९ वर्षांखालचा विश्वचषक. त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. लगेच रवी शास्त्रींना त्याच्यात थोडा सचिन, थोडा सेहवाग आणि थोडा लारा दिसला. १८ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर तीन माणसं बसवली, आणि मग म्हणतो पळ! २०२० ला ॲडलेडला दोन डावांत ० आणि ४, त्यानंतर कसोटी नाही. २०२४ ला मुंबईच्या रणजी संघातून बाहेर, आयपीएलच्या लिलावात कुणी बोलीच लावली नाही. आता कुणी म्हणेल, भाऊ, त्याचीही चूक होतीच की. फिटनेस, शिस्त. बरोबर आहे. त्याची चूक मी पदराखाली घालत नाही. पण चुका अठराव्या वर्षी आपणही केल्या. फरक इतकाच, की आपल्या चुका बघायला देश जमला नव्हता. गेल्या वर्षी तो महाराष्ट्राकडून खेळायला लागला आणि रणजीत चंडीगडविरुद्ध द्विशतक ठोकलं. ती बातमी किती जणांच्या ग्रुपवर आली? माझ्या तरी नाही आली.

आणि प्रणव धनावडे. जानेवारी २०१६, कल्याण. रिक्षाचालकाचा १५ वर्षांचा मुलगा शाळेच्या सामन्यात नाबाद १००९ करतो. ११६ वर्षांचा विक्रम मोडतो. समोरच्या संघात बरीच लहान पोरं होती, संघ पहिल्या डावात ३१ वर गुंडाळला होता, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. पण ते हेडलाइनमध्ये कुणाला हवं होतं? क्रिकेट संघटनेनं महिन्याला १० हजारांची शिष्यवृत्ती दिली, चांगलं केलं. दीड वर्षात त्याचा खेळ खाली आला, तेव्हा त्याच्या वडिलांनी स्वतःहून संघटनेला कळवलं, की आता ही शिष्यवृत्ती थांबवा. रिक्षा चालवणारा माणूस महिन्याचे १० हजार परत करतो. या सगळ्या प्रकरणात मला तर तोच एक माणूस मोठा वाटला. आम्ही पत्रकारांनी मात्र आमची एकही हेडलाइन परत घेतली नाही.

आता माझ्यावर येतो. दुसऱ्यांची धुणी धुवून झाली, स्वतःचंही धुवायला पाहिजे.

२०१० ला नाशिकच्या कविता राऊतनं आशियाई स्पर्धेत १० हजार मीटरला रौप्य घेतलं. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव घराघरात गेलं. त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या तालुक्यातल्या एका खेड्यातला नववीतला पोरगा ३००० मीटरला जिल्ह्यात आणि मग विभागात पहिला आला. मी तेव्हा नवीन होतो, अंगात खुमखुमी होती. पत्रकारितेच्या डिप्लोमात सरांनी शिकवलं होतं, की बातमीत विशेषणं घालू नका. ते मी पहिल्या वर्षातच विसरलो. हेडलाइन दिली, 'चाळीसगाव एक्स्प्रेस सुसाट!' खाली ओळ, 'आता लक्ष्य ऑलिम्पिक.' ऑलिम्पिक हा शब्द त्या पोराच्या तोंडून निघालाच नव्हता. तो म्हणाला होता, "राज्याला जायचंय, बूट पाहिजेत." बुटांचं वाक्य मी शेवटच्या परिच्छेदात टाकलं, आणि जागा कमी पडली म्हणून ते कापलं गेलं.

बातमी आली आणि दोन दिवसांत फ्लेक्स लागला. पोराचा फोटो पासपोर्टएवढा, भाऊ-दादा-आण्णांचे फोटो ढोलाएवढे. सत्कार झाले. शाल, श्रीफळ, ट्रॉफी. एका घरात किती नारळ फोडणार? बूट कुणी दिले नाहीत. पोरगा जुन्याच बुटांवर बालेवाडीला गेला. आयुष्यात पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅकवर पाय ठेवला तो थेट शर्यतीत. सातवा आला.

महाराष्ट्रात सातवा, मित्रांनो! नववीतलं पोर, शेताच्या बांधावर आणि डांबरी रस्त्याच्या कडेला पळून राज्यात सातवं येतं. आज विचार केला तर हीच खरी बातमी होती. पण मी 'सुसाट' लिहून बसलो होतो, त्यामुळे सातव्या नंबरची बातमी मी दिलीच नाही. लाज वाटली. त्याची नाही, माझ्या हेडलाइनची.

गावात काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तो पहाटे पळायला निघाला की पारावरची टोळकी ओरडायची, "एक्स्प्रेस लेट झाली रे! सात नंबरच्या प्लॅटफॉर्मवर लागली!" रेल्वेचं गाव आपलं, विनोदही रेल्वेचेच. त्यानं आधी वेळ बदलली, मग रस्ता बदलला, आणि दहावीत पळणंच सोडलं.

मागच्या वर्षी तो पेट्रोल पंपावर भेटला. भाजीपाल्याची पिकअप चालवतो, नाशिकच्या मार्केटला फेऱ्या करतो. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. चहा घेतला. रागबीग काही नव्हता त्याला. सहज बोलल्यासारखा म्हणाला, "सर, तुमची बातमी आली नसती ना, तर मी अजून दोन-तीन वर्षं पळालो असतो." मग चहाचे पैसेही त्यानंच दिले.

त्या दिवसापासून हे लिहायचं डोक्यात होतं. आज मुहूर्त लागला, कारण आठवड्याभरात मला तीन फोन आलेत. आपल्या तालुक्यातली १३ वर्षांची एक मुलगी कुस्तीत चांगलं करतेय. फोनवर मागणी एकच, "भाऊ, मोठी बातमी लावा. आपली दंगल गर्ल!"

मी नाव लिहिणार नाही. आणि 'दंगल गर्ल' तर मुळीच लिहिणार नाही.

काही जण म्हणतील, प्रसिद्धी नाही मिळाली तर मदत कशी मिळणार? मुद्दा खरा आहे. खेड्यातल्या पोराला पेपरचं कात्रण दाखवल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही, हे मी रोज बघतो. म्हणून बातमी देऊ नका असं माझं म्हणणं नाही. झालं तेवढं लिहा. जे झालंच नाही, ते पोराच्या नावावर उधार लिहू नका. ते कर्ज फेडायला आपण जात नाही, ते पोर जातं.

आपल्याच तालुक्यातला सायगावचा विजय चौधरी घ्या. २०१४, २०१५, २०१६, लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी. ट्रिपल केसरी! आज पोलिस खात्यात अधिकारी आहे. २०२३ ला कॅनडात पोलिसांच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण आणलं. तरी पारावर कुणीतरी भेटतोच, "पण ऑलिम्पिकला नाही गेला ना." अरे बाबा, मातीतली कुस्ती वेगळी, मॅटवरची पॉइंटची कुस्ती वेगळी. खाशाबा जाधवांनी १९५२ ला कांस्य आणलं. त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, आणि तेही नेमबाजीत. जे सगळ्या राज्याला ७२ वर्षं जमलं नाही, ते एकट्या विजयकडून वसूल करायला आपण निघालो.

आणि ते पदक आणलं कुणी? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं. २००९ ला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. पुढे मध्य रेल्वेत टीसी. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत चौथा आला आणि भारताला पॅरिसची जागा मिळवून दिली. तेव्हा कुणी फ्लेक्स लावला होता? आपल्या स्टेशनावर त्यानं तिकीट तपासलं असतं, तरी आपण ओळखलं नसतं. पॅरिसला पदक मिळालं तेव्हा वय २८. म्हणजे १५ वर्षं पोरगा शांतपणे गोळ्या झाडत होता आणि कुणी त्याच्या कानाशी ढोल वाजवत नव्हतं. नुसत्या शांततेनं पदक मिळतं असं नाही. प्रबोधिनी होती, कोच होते, रायफल होती, नोकरी होती. आपल्याकडे ढोल पहिला येतो, आणि बाकीच्या गोष्टी येईपर्यंत पोर पिकअपवर बसतं.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला टोपणनाव देणार नाही. त्याची तुलना कुठल्या मोठ्या खेळाडूशी करणार नाही. त्याला काय पाहिजे, म्हणजे बूट, खुराक, कोच, एसटीचं भाडं, ते पहिल्या परिच्छेदात लिहीन, म्हणजे कापलं जाणार नाही. आणि जिंकल्याची बातमी दिली असेल, तर हरल्याचीही देईन, तेवढ्याच मोठ्या अक्षरात आणि तेवढ्याच आदरानं.

तुमच्याकडून एकच मागणं आहे. त्या मुलीच्या फ्लेक्सची वर्गणी काढायला कुणी आलं, तर वर्गणी जरूर द्या. फक्त सांगा, की फ्लेक्स नको, तिच्या पायाच्या मापाचे कुस्तीचे बूट घ्या. पावती मी स्वतः बघायला येईन. आणि उद्या ती कुठं हरली, तर पारावर बसलेल्या आपल्या पोरांना आवरा.

पिकअपवाला मित्र ही पोस्ट वाचेल, असं वाटतं. भाऊ, १४-१५ वर्षं उशीर झाला, पण तुझी राहिलेली बातमी आज देतोय: आपल्या तालुक्यातला पोरगा ३००० मीटरच्या शर्यतीत राज्यात सातवा आला. अभिनंदन.