वाटाड्याने किती पुढे चालावे?

‘संगणकावरचे खेळ’ हे शब्द उच्चारताच आमच्या प्राध्यापकवर्गाच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्या अगदीच निष्कारण पडतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. खेळाच्या अनावर व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या यादीत जागा दिली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर आपल्या संसदेने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तेव्हा खेळ चांगले की वाईट, या वादात मी शिरत नाही. तो वाद वक्तृत्व-स्पर्धेच्या व्यासपीठावर सुखाने नांदो! मला सांगायचे आहे ते निराळेच. नवख्या माणसाला आपण हाताला धरून नेतो, तेव्हा त्याच्यावर उपकार करतो की त्याचे काही हिरावून घेतो, हा प्रश्न मला एका खेळाने घातला, आणि त्याचे उत्तर एका संत्र्याच्या बागवानाने दिले.

मी मूळचा सौंसरचा. येथील पुष्कळांना हे गाव ठाऊक नसेल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि बाजारात दोन्हींची खिचडी, अशी आमची वाढ. बेळगावच्या वाचकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये!

पांढुर्णा म्हटले की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमार आठवते. मला आठवतो तो माझा मित्र. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी इकडे आलो. त्याच्या वडिलांनी अंथरूण धरले आणि संत्र्याची बाग त्याच्या गळ्यात पडली. पहिल्या वर्षी आम्ही रोज बोलत होतो. दुसऱ्या वर्षी आठवड्याने. तिसऱ्या वर्षी आमचे संभाषण ‘काय चाललं?’ आणि ‘काही नाही, तुझं?’ एवढ्यावर येऊन ठेपले. मैत्री भांडणाने तुटते असे कथा-कादंबऱ्यांत असते. प्रत्यक्षात ती बहुधा बोलायला विषय न उरल्याने सुकते.

म्हणून मी त्याला खेळात ओढायचे ठरविले. खेळाचे नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. तो २००४ च्या नोव्हेंबरात निघाला. त्याचे जुने रूप ‘क्लासिक’ या नावाने २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाले. ते जुन्यापुराण्या संगणकावरही चालते आणि आम्ही खेळतो ते तेच. त्याला महिन्याची वर्गणी पडते. मित्राची पहिली वर्गणी मी मेसच्या पैशांतून भरली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी वैद्यकी करणारा पुरोहित, आणि पहिल्या पायरीपासून चढत साठाव्या पायरीपर्यंत जायचे. खेळाचा गाभा म्हणजे भुयारे. भुयारात एकट्याचे काम नाही. पाच जणांची टोळी लागते. एकाने शत्रूचे घाव अंगावर घ्यायचे, एकाने सर्वांच्या जखमा भरायच्या, उरलेल्या तिघांनी वार करायचे. या कुळाचा मूळपुरुष पाहिला तर तो अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला, टेबलाभोवती बसून कागद-पेन्सिलीने खेळायचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी एकाच वेळी संगणकावर खेळायचे भुयार रचले. त्यात चित्र नव्हते, नुसते शब्द. म्हणजे हे भुयार मुळात कॉलेजच्या पोरांनीच खणलेले आहे, हे प्राचार्यांनी कृपया ध्यानात घ्यावे.

शिवाय भुयाराचे वेड आम्हांला उपजतच. छिंदवाड्याजवळच्या देवगडच्या गोंड राजांच्या किल्ल्यातून थेट नागपूरपर्यंत भुयार जाते, ही दंतकथा ऐकत आम्ही मोठे झालो. माझ्या गावाचे तर नावच जमिनीखाली गेले आहे. मध्य भारतातल्या मँगनीज असलेल्या प्राचीन खडकांना भूगर्भशास्त्रज्ञ ‘सौंसर समूह’ म्हणतात. तेव्हा पहिले भुयार म्हणून मी त्याला ‘डेडमाइन्स’मध्ये, म्हणजे एका सोडून दिलेल्या खाणीत नेले, हे रीतसरच झाले.

पण नेले कसे? माझा मांत्रिक साठाव्या पायरीवरचा. मित्राचा पुरोहित बाराव्या. मी पुढे धावलो, खाणीतले सारे चोर-दरोडेखोर माझ्यामागे गोळा केले, आणि बर्फाच्या एका मंत्रात सर्वांना आडवे केले. पुन्हा पुढे. मित्र मागून येऊन पडलेली लूट उचलीत होता. वाटेत एक बंद लोखंडी दार लागते. मी त्याला दारापुढे उभे राहण्याचीही उसंत दिली नाही. तोफ डागून दार उडविले. अर्ध्या तासात सारे आटोपले. ‘कसं वाटलं?’ मी मोठ्या अभिमानाने विचारले.

तो म्हणाला, ‘मले काही कराच लागलं नाही, गड्या. मी फक्त मांगं मांगं आलो अन् बोचकं भरलं.’

मला वाटले, हे आभारप्रदर्शन आहे. दोन दिवसांनी मी पुन्हा बोलाविले तेव्हा तो म्हणाला, ‘तू खेळ. मी इथून पाहत जाईन.’ हे वाक्य मला लागले. कारण तीन वर्षे नेमके हेच चालले होते. मी कॉलेजच्या गोष्टी सांगत होतो आणि तो बांधावर उभा राहून पाहत होता. विषय मिळावा म्हणून मी ज्या खेळात त्याला आणले, तिथेही मी त्याला प्रेक्षकच केले होते.

डिसेंबरात फोनवर बोलता बोलता मी बागेची चौकशी केली. ‘बागेले ताण देला हाये,’ तो म्हणाला. संत्र्याला आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडतात, एवढे मला ऐकून माहीत होते. तहानलेल्या झाडाला बिचारे सोडून द्यायचे, हे मला निर्दयपणाचे वाटे. तसे मी म्हटले. त्यावर तो हसला.

‘झाडाले रोज पाणी देलं तं नुसता पाला येते बे, फूल येत नाही. ताण द्याव लागते. पण ताण देऊन घरी झोपून राहाल तं झाडच जाईन. रोज जाऊन पानं पाहा लागते.’

वाचकहो, शिक्षणशास्त्रावरची जाड पुस्तके मी वाचलेली नाहीत. परंतु या तीन-चार वाक्यांत त्यांतले निम्मे तरी आले असावे, अशी माझी नम्र समजूत आहे. मदतीचे दोनच मार्ग आपण जाणतो. एक, सारे आपणच करून देणे. दुसरा, ‘पडेल तेव्हा शिकेल’ म्हणून पाठ फिरविणे. बागवानाचा मार्ग तिसरा आहे. पाणी तोडायचे, पण पाने रोज पाहायची.

मी माझा साठाव्या पायरीवरचा मांत्रिक बाजूला ठेवला आणि पहिल्या पायरीवरचे नवे पात्र घेतले. मित्राला म्हटले, ‘चल, तूही पहिल्यापासून ये.’ तीन-चार आठवडे आम्ही रात्री तासभर शेतांतून, रानांतून पायी हिंडलो. गव्हाला पाणी द्यायचे असे आणि त्याच्याकडे थ्री-फेज वीज रात्रीची. ऐन झुंजीत तो म्हणे, ‘थांब, मोटार चालू करून येतो,’ आणि मी झाडाखाली बसून राही. त्या बसण्यात कधी वडिलांची तब्येत निघे, कधी बहिणीचे लग्न. विषय नाही म्हणून जी मैत्री सुकत होती तिला आता विषय पुरून उरू लागले.

जानेवारीत आम्ही त्याच खाणीच्या तोंडाशी आलो. या वेळी टोळी खरी होती. घाव झेलायला माझ्या खोलीतला कन्नड सोबती. तो हावेरीकडचा, मराठीचा गंध नाही. दोघे अनोळखी युरोपातले. आणि सर्वांचे प्राण राखण्याचे काम माझ्या मित्राकडे. तो चुकला तर पाचही जण मरणार! ‘मले जमणार नाही,’ तो म्हणाला. मी म्हटले, ‘नाही जमलं तर मरू. मेल्यावर दहा मिनिटांत परत येता येतं.’

आम्ही मेलो. कारण मात्र मोठे मौजेचे. मित्र एका वळणावर जरा पुढे डोकावला, पलीकडे दरोडेखोरांचा घोळका पाहिला, आणि वऱ्हाडी रीतीने उद्गारला, ‘नाही बा!’ कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ‘ये’. आपल्याला बोलावणे आले असे समजून आमचा योद्धा ढाल परजीत थेट घोळक्यात घुसला आणि पाचांची पाच प्रेते पडली. मेल्यावर या खेळात भूत होऊन दूरच्या स्मशानातून भुयाराच्या दारापर्यंत धावत यावे लागते. पाच भुते अंधारातून धावत आहेत आणि फोनवर तिघे पोट धरधरून हसत आहेत, असे ते दृश्य होते. त्या रात्री मित्र ‘निल्लु’ म्हणजे ‘थांब’ हे शिकला आणि सोबती ‘थांब बे’ शिकला. भाषावादावर यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही.

मग ते लोखंडी दार आले. मला सारे माहीत होते. ओठांवर आलेले शब्द मी गिळले. मित्र दाराला धडकला, मागे फिरला, भिंती चाचपल्या. सोबतीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिले. मी बोटाने ‘गप्प’ म्हणून खुणावले. पाच मिनिटे गेली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब पाच मिनिटे असतील! तेवढ्यात फोनवर आवाज आला, ‘अबे, इथं दारू हाये! अन् ही तोफ!’ दार उडाले. स्फोटाच्या आवाजाने पहारेकरी धावून आले, आणि त्यांच्यामागे, खाणीच्या पोटात, पाण्यावर उभे असलेले एक प्रचंड गलबत दिसले. फोनवर काही क्षण कोणी बोलले नाही. तेच गलबत मी त्याला नोव्हेंबरातही दाखविले होते. पण दाखविलेले गलबत आणि सापडलेले गलबत ही दोन निराळी गलबते आहेत.

शेवटी म्होरक्या एडविन व्हॅनक्लीफ पडला. त्याच्या अंगावर एक न पाठविलेले पत्र सापडते. त्याच्या मागोव्याने कळते की हे दरोडेखोर मूळचे पाथरवट-गवंडी. त्यांनी राजधानी बांधली आणि सरदारांनी मजुरी बुडविली. मी ही खाण कितीदा तरी केली होती. पत्राकडे कधी लक्ष दिले नव्हते. मित्राने ते सावकाश वाचले. मागल्या हंगामात एका व्यापाऱ्याने त्याच्या बागेचे पैसे महिनोन्‌महिने अडकवून ठेवले होते, हे मला तेव्हा प्रथम कळले. ‘मजुरी बुडवली तं माणूस का करीन?’ एवढेच तो म्हणाला. ज्याला मी वाट दाखवीत होतो, त्याने मला माझीच वाट नव्याने दाखविली.

हे सांगण्याचा प्रपंच एवढ्यासाठी की, आपले कॉलेज-जीवन साठाव्या पायरीवरच्या वाटाड्यांनी भरलेले आहे. तयार नोट्स, अपेक्षित प्रश्नसंच, गाईडे, आणि वर्गात शब्दन् शब्द उतरवून देणारे आपले प्रेमळ प्राध्यापक यांनी आम्हांला तोफेपर्यंत पोहोचूच दिलेले नाही. आम्ही मागे मागे येतो आणि बोचके भरतो. बोचक्यात गुण असतात, हे खरे. परंतु गलबत पाहिल्याचे आठवत नाही. उलट, काही वर्गांत नवख्याला दारापाशी सोडून वाटाड्या निघूनच जातो, हेही तितकेच खरे. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की त्यांनी वर्षातून एखादा तरी धडा आमच्याबरोबर पहिल्या पायरीवरून चढावा, टोळीतले एखादे खरे काम आमच्यावर सोपवावे, आणि आम्ही दार चाचपत असताना पाच मिनिटे गप्प बसावे. मात्र निघून जाऊ नये. आणि आम्हा विद्यार्थ्यांना विनंती की, पहिल्या वर्षाला नव्याने आलेल्या मुलांना सर्व काही एका दिवसात ‘दाखवून’ टाकू नये.

मित्र सध्या फारसा खेळत नाही. बागेचे काम मोठे. मागल्या सुट्टीत मी पांढुर्ण्याला गेलो तेव्हा तो झाडांची सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढीत होता. त्याने कातरी माझ्या हातात दिली, एक झाड दाखविले आणि मागे उभा राहिला. मी वाळकी समजून एक ओली फांदी कापली. तो काही बोलला नाही. कापलेल्या जागी बोर्डोचा मलम लावण्यासाठी डबा तेवढा पुढे केला. दुसरी फांदी कापण्याआधी मी ती नखाने खरवडून पाहिली.